बायबलच्या कार्टून व्हिडिओंमधून मुलं खरंच काही शिकतात का? (वय ५ आणि ८)

दोघांचीआई

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ.

मुलगा ८ वर्षांचा आहे आणि मुलगी ५ ची. रोज संध्याकाळी माझं काम आवरेपर्यंत पाऊण तासभर मी त्यांना बायबलच्या गोष्टींचे ॲनिमेशन व्हिडिओ लावून देते, म्हटलं बघणारच आहेत तर निदान चांगलं तरी बघू देत. दोघांनाही आवडतात, दावीद, नोहा, योना, दानीएल सगळे तोंडपाठ झालेत आणि मलाही मनातून बरं वाटायचं की चला, काहीतरी चांगलं कानावर पडतंय. तर परवा आतून एकदम रडण्याचा आवाज आला म्हणून धावत गेले, बघते तर मुलगी कपाळ धरून बसलेली आणि मुलाच्या हातात टॉवेल, त्यात रबरी चेंडू घालून त्याने तो गरागरा फिरवून सोडला होता. का मारलंस विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाला, "मी दावीद आहे, ती गल्याथ. तिने माझी चित्रं फाडली." (दावीद म्हणजे गोफणीने गल्याथ नावाच्या धिप्पाड योद्ध्याला पाडणारा मुलगा.) त्याला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं, देव माझ्या बाजूने आहे असंच चेहऱ्यावर होतं. मला त्या माराचं जेवढं वाईट वाटलं त्याहून जास्त त्या चेहऱ्याचं वाटलं.

मुलीचं वेगळंच. नोहाचा व्हिडिओ (महापूर येतो आणि नोहाच्या तारवातले, म्हणजे मोठ्या जहाजातले, तेवढेच वाचतात तो) बघितल्यापासून पाऊस आला की ती खिडकीपासून लांब जाऊन बसते. एकदा झोपताना विचारलं, "जे तारवात नव्हते त्यांची बाळं कुठे गेली?" व्हिडिओत तर जिराफ, हत्ती, इंद्रधनुष्य आणि गाणं, बाळांचा कुठे उल्लेखही नव्हता, तिचं तिनेच शोधलं. मला काही उत्तर देता आलं नाही, थोपटून झोपवलं तिला.

तर मला विचारायचंय की हे व्हिडिओ बंद करावेत का, की माझंच दाखवणं चुकतंय? ज्यांनी घरात किंवा संडे स्कूलमध्ये (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) हे वापरलंय त्यांनी जरा मोकळेपणाने सांगा. संस्कार व्हावेत म्हणूनच लावत होते हो, दुसरा काही हेतू नव्हता.

रविवारची_ताई

ताई, बंद नका करू. मी १४ वर्षं संडे स्कूल घेतेय, त्यातली शेवटची ७-८ वर्षं व्हिडिओ वापरून, आणि तुमच्या मुलाने जे केलं ते मी वर्गात कितीतरी वेळा बघितलंय. मूल गोष्टीत स्वतःला हिरोच्याच जागी ठेवतं, मग समोरचा कोणीतरी राक्षस व्हायलाच लागतो, आणि घरात तो बहुतेक वेळा धाकटं भावंडंच असतं.

त्या गोष्टीत गंमत अशी आहे की बहुतेक कार्टून गल्याथ पडला की संपतात. गोफण, पाच गुळगुळीत गोटे, सहा हात एक वीत उंचीचा तो माणूस, धाडकन पडला, गाणं, संपलं. पण दावीदाची गोष्ट तिथे संपत नाही ना. बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकात ही गोष्ट १७ व्या अध्यायात आहे, तिथून सात अध्याय पुढे जा, २४ वा काढा. शौल राजा ३००० माणसं घेऊन दावीदाला मारायला निघालाय आणि दावीद लपलेल्या गुहेतच तो एकटा आत येतो. दावीदाची माणसं त्याला म्हणतात हाच तो दिवस, देवानेच याला तुझ्या हातात दिलाय. आणि दावीद काय करतो, तर हळूच त्याच्या झग्याचं टोक कापतो, आणि तेवढं केलं म्हणूनही नंतर त्याचं मन त्याला खातं! मी हे मुलांना सांगते तेव्हा वर्ग चिडीचूप होतो. हा तोच दावीद, आता त्याच्या हातात तलवार पण आहे, मारायची संधी आहे, सोबतचे चढवतायत आणि तो मारत नाही. तुमच्या मुलाला हा दावीद भेटलेलाच नाही अजून. भेटवा. याचा व्हिडिओ मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर तुम्हीच सांगा, दिवा बारीक करून, अंथरुणाची गुहा करून.

दुसरं म्हणजे व्हिडिओ कधीच सलग लावू नका. मी १० मिनिटांचा व्हिडिओ २५ मिनिटं दाखवते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट असली (चोरांनी लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला मोठे लोक ओलांडून जातात आणि शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा माणूस, मदत करतो ती) की याजक, म्हणजे मंदिरातला पुजारी, त्या जखमी माणसाजवळ येतो आणि त्याला बघतो, बरोब्बर तिथे पॉज. पडद्यावर तो तसाच उभा. मग विचारते, आत्ता याच्या मनात काय चाललं असेल? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं होतं सगळी म्हणतील "तो वाईट आहे". तर ६ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "त्याला भीती वाटतेय, चोर अजून तिथेच असतील." मला आजवर ते सुचलं नव्हतं. मग म्हटलं बरं, मग शोमरोन्याला भीती नव्हती का वाटत? त्यावर जी चर्चा झाली ती कुठल्या व्हिडिओत मिळाली नसती, पण व्हिडिओ नसता तर ती सुरूही झाली नसती, कारण तो थांबलेला चेहरा सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता. ते चित्र आपल्याला तोंडी सांगून उभं नाही करता येत प्रत्येक वेळी.

म्हणून व्हिडिओ चालू करा आणि शेजारी बसा. काम आवरायला म्हणून लावायचा तर मग त्याला संस्कार म्हणू नका, तो वेळ घालवणं झालं, तेही कधीकधी लागतं घरात, पण दोन्ही वेगळं ठेवा.

शांतसंध्याकाळ

ताईंनी सांगितलं ते पटलंच. मी फक्त एक भर घालतो, दोन मुलांचा बाप म्हणून. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि तिथेच सगळी माती होते. आमच्याकडे योसेफाची गोष्ट लावली होती, भाऊ त्याला चांदीच्या २० नाण्यांना विकतात तो भाग, मुलगी रडवेली झाली होती, मला वाटलं आता जवळ घेऊन बोलावं, तेवढ्यात पडद्यावर दुसरंच काहीतरी रंगीबेरंगी नाचायला लागलं आणि तिचा चेहरा एका सेकंदात बदलला. ते दुःख तिच्या मनात दोन मिनिटं तरी राहायला पाहिजे होतं. त्या दिवसापासून ऑटोप्ले बंद आणि शक्यतो आधीच डाउनलोड करून ठेवलेलं एकच काहीतरी दाखवतो, संपलं की स्क्रीन काळी. लहान मुलांचं जे वेगळं यूट्यूब ॲप आहे त्यात आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सेटिंग पण आहे, ती लावून घ्या.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये २ ते ५ वयासाठी दिवसाला साधारण तासभरच सांगितलं होतं, तेही चांगल्या दर्जाचं आणि मोठ्यांनी सोबत बसून. विषय बायबलचा आहे म्हणून डोळ्यांना आणि झोपेला काही सूट मिळत नाही.

आणि आधी स्वतः बघा हो! नावात बायबल आहे म्हणून आत सगळं बायबलमधलंच असतं असं नाही. मी एकात योनाला गिळणारा मासा खलनायक केलेला बघितलाय, राक्षसासारखं हसणारा. गोष्टीत तो मासा देवाने पाठवलाय, योना समुद्रात बुडत होता, मासा त्याला वाचवतो. अर्थच उलटा झाला.

वाचनाचं_वेड

यावर काही अभ्यास झालेत ते सांगते, माझा कामाचाच विषय आहे लहान मुलांचं शिक्षण.

२००८ मध्ये मेअर्स आणि अकोस्टा या दोघींनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कुत्र्याच्या कार्टून मालिकेचा एक भाग दाखवला होता. त्यात एक तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे आधी त्याला टाळतात, मग त्यांना कळतं की वेगळं असणाऱ्याशीही प्रेमाने वागावं. मुलांना विचारलं काय शिकलात, तर बऱ्याच जणांना कळलं ते एवढंच की तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागायचं. माणसांपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. मोठ्यांना जे तात्पर्य उघड दिसतं ते ५ वर्षांच्या मुलाला दिसत नाही, त्याला समोर दिसलेली कृती दिसते. दोघांचीआई, तुमच्या मुलाला गोफण दिसली. ८ वर्षांचा आहे म्हणजे थोडा पुढे जायला हवा, पण रागात असताना सगळीच मुलं दोन-तीन वर्षांनी लहान होतात.

टोरांटोच्या कांग ली यांच्या गटाने २०१४ मध्ये खरं बोलण्यावर प्रयोग केला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ३ ते ७ वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, लांडगा आला रे आला, खोटं बोललं की नाक वाढणारा लाकडी मुलगा, आणि जॉर्ज वॉशिंग्टनची चेरीच्या झाडाची. पहिल्या दोन्हींत खोटं बोलणाऱ्याची फजिती होते, तिसरीत मुलगा खरं बोलतो आणि वडील त्याचं कौतुक करतात. त्या आधीच्या दोन गोष्टींनी मुलांच्या खोटं बोलण्यात काही फरक पडला नाही, तिसरीने पडला. म्हणजे शिक्षेची भीती घालणाऱ्या गोष्टीपेक्षा खरेपणाचं चांगलं फळ दाखवणारी गोष्ट लागू पडते. बायबलचे व्हिडिओ निवडताना मी हे डोक्यात ठेवते, ज्यात शेवटी कोणीतरी नुसता धडा शिकतो त्यापेक्षा ज्यात कोणीतरी परत येतो, जवळ घेतला जातो, ते आधी. उधळ्या पुत्राची गोष्ट, हरवलेलं मेंढरू.

त्याच टोरांटो विद्यापीठातला अजून एक आहे, वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांतून सांगितली तर मुलं नंतर जास्त वाटतात, माणसांसारखे कपडे घातलेल्या प्राण्यांतून सांगितली तर तेवढं होत नाही. त्यामुळे गोड गोड प्राणी दिसले की लगेच भुलू नका. आणि रविवारची_ताई म्हणतात त्याला आधार देणाराही एक आहे, २०१६ चा, तिथे कार्टून बघून मुलांची समज वाढली खरी पण ती फक्त ज्या घरात आईवडील बघितलेल्यावर नेहमी बोलत होते तिथेच.

मेंढपाळ_नव्हे_मेंढरू

मी थोडं वेगळं बोलणार आहे, रागवू नका.

आपण सगळे धरून चाललोय की बायबलच्या गोष्टी म्हणजे चांगलं वागायला शिकवायची पुस्तकं आहेत. दावीद म्हणजे धैर्य, दानीएल म्हणजे प्रार्थना, योना म्हणजे आज्ञापालन, प्रत्येक गोष्टीला एक लेबल. मला हीच भीती वाटते या व्हिडिओंची. अमेरिकेत १९९३ पासून निघालेली व्हेजीटेल्स मालिका बऱ्याच जणांना माहीत असेल, टोमॅटो आणि काकडी बोलतात ती. तिचा एक निर्माता फिल विशर, त्याची कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि नंतर त्यानेच उघडपणे कबूल केलं की इतकी वर्षं आपण मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला सांगत राहिलो, क्षमा करा कारण बायबल सांगतं, दयाळू व्हा कारण बायबल सांगतं, पण ख्रिस्ती विश्वास काय आहे ते शिकवलंच नाही, ती नुसती नीतिमत्ता झाली. यश, पैसा, नाव सगळं मिळालेला माणूस हे बोलला, आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून, २०१० पासून, अख्खं बायबल क्रमाने सांगणारी १३ भागांची मालिका काढली. मला या माणसाबद्दल खरंच आदर आहे.

माझ्या मुलीला मी लहानपणी असेच व्हिडिओ दाखवले. १० वर्षांची असताना एकदा परीक्षेत कॉपी केली आणि पकडली गेली. घरी आली, दार लावून घेतलं, दोन तास बाहेर येईना. मी आत गेलो तर म्हणाली, "देवाला आता मी नको असेन ना." पप्पा ओरडतील याची तिला भीती नव्हती, देव सोडून जाईल याची होती. इतकी वर्षं जे दाखवलं त्यातून तिने काढलेला अर्थ हाच होता, चांगली मुलं देवाला आवडतात. मी त्या रात्री तिला जक्कयाची गोष्ट सांगितली, बायबलमधल्या लूकच्या पुस्तकातला १९ वा अध्याय. ठेंगणा जकातदार, लोकांना लुबाडलेला, उंबराच्या झाडावर चढून बसलाय. येशू झाडाखाली थांबून काय म्हणतो? आधी पैसे परत कर मग येतो, असं नाही म्हणत. म्हणतो, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी राहायचंय. आधी घरी जातो. मग जक्कय बदलतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि व्हिडिओ बनवणारे घाईघाईत नेमका हाच गाळतात किंवा उलटा करतात.

दोघांचीआई, तुमच्या मुलाला मारू नये हे शिकवाच. पण मारल्यानंतरही तो तुमचा आणि देवाचा आहे हे त्याला कळू द्या, मग मारू नये हे त्याचं त्यालाच आतून वाटायला लागेल.

रविवारची_ताई

दादा, तुमच्या मुलीचं वाचून गलबलून आलं. तुमचं बरोबर आहे, मी वर्गात शेवटी "मग आपण काय शिकलो" विचारायचे, ते आता बंद करते. "देव यात कसा दिसला" असं विचारून बघते.

आणि ताई, तुमच्या छोटीच्या प्रश्नाचं राहिलं. तिला खोटं सांगू नका आणि पूर्ण तपशीलही नको. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ६ व्या अध्यायात, लिहिलंय की त्या वेळी देवाच्या मनाला फार दुःख झालं. तेवढं सांगा, की देवाला पण रडू आलं असेल. आणि मग योनाच्या पुस्तकातली शेवटची ओळ वाचून दाखवा. तो मासा पहिल्या दोन अध्यायांत येऊन जातो, व्हिडिओ तिथेच संपतात, पण चौथ्या अध्यायात योना चिडून बसलाय की निनवेचा नाश का नाही झाला, आणि देव त्याला विचारतो की ज्यांना उजवाडावा हात कळत नाही अशी १,२०,००० च्या वर माणसं त्या शहरात आहेत आणि कितीतरी गुरंढोरं, त्यांची मला काळजी वाटू नये का? उजवाडावा न कळणारी म्हणजे लहान मुलंच, असं बरेच जण मानतात. पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. ५ वर्षांच्या मुलीला हे बरोब्बर कळतं, कारण तिचं स्वतःचं उजवंडावं अजून चुकत असतं.

दोघांचीआई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवड्यांनी लिहितेय, मुद्दाम करून बघून मग लिहायचं ठरवलं होतं.

रोजचे व्हिडिओ बंद केले. आठवड्यातून दोनदाच, एकच गोष्ट, आणि मी मध्ये बसते, एकेक बाजूला दोघं. काम राहतं थोडं, राहू दे. ऑटोप्ले बंद केलं, पहिले दोन दिवस आरडाओरडा झाला मग शांत.

पहिली जक्कयाची दाखवली. येशू झाडाखाली येतो तिथे पॉज केलं आणि विचारलं आता काय म्हणेल? मुलगा लगेच म्हणाला, "पैसे परत दे म्हणेल." मग पुढे लावलं. खाली ये, तुझ्या घरी येतो, हे ऐकून तो माझ्याकडे बघायला लागला, म्हणाला "पण त्याने अजून सॉरी कुठे म्हटलं?" मी म्हटलं हो ना, अजून नाही म्हटलं. तो बराच वेळ गप्प. व्हिडिओ संपल्यावर स्क्रीन काळी झाली तरी बसून होता. मग चौपट म्हणजे किती ते विचारलं, सांगितलं. उठून गेला, मला वाटलं खेळायला गेला. जेवायच्या वेळेला बघते तर बहिणीच्या उशीवर चार चित्रं ठेवलेली, चारही मांजरीची, तिला मांजर आवडते म्हणून. मी काही सांगितलं नव्हतं हो. आणि बहिणीने काय केलं असेल तर त्याची ती फाडलेली चित्रं चिकटपट्टीने जोडून आणून दिली, उलटसुलट जोडलेली, घराचं छप्पर खाली, पण त्याने ती भिंतीवर तशीच लावलीत.

गुहेची गोष्ट सांगितली, अंथरुणाची गुहा करून, ताई. त्याला झग्याचं टोक कापणं इतकं आवडलं की आता शौल मीच होते रोज आणि तो माझ्या पदराचं टोक हळूच धरतो आणि सोडून देतो.

छोटी अजून पाऊस आला की खिडकीजवळ जात नाही. पण योनाची शेवटची ओळ तिने मला चार वेळा वाचायला लावली, आणि काल स्वतःचे दोन्ही हात समोर धरून विचारत होती, "यातला उजवा कुठला? मला नाही कळत, म्हणजे देवाला माझी काळजी वाटते ना?"

आता पुढे योसेफाची घ्यायची म्हणतेय पण ती फार लांब आहे आणि भाऊ विकतात तो भाग आमच्याकडे अवघड जाईल असं वाटतं, कशी घेऊ?

रविवारची_ताई

चार दिवसांत घ्या. पहिल्या दिवशी भाऊ योसेफाला खड्ड्यात टाकतात तिथपर्यंत, पण झोपायच्या आधी नको, दुपारी घ्या, आणि योसेफ पुढे जिवंत आहे एवढं त्याच दिवशी सांगून टाका म्हणजे छोटी रात्रभर त्या खड्ड्यात राहणार नाही. उत्पत्ती ४५ ला, योसेफ भावांसमोर मोठ्याने रडतो आणि "मी योसेफ आहे" म्हणतो, तिथे पॉज करा आणि तुम्ही काहीच विचारू नका, मुलगा काय बोलतो बघा आणि इथे येऊन सांगा.